चूक आमची नाही

टपालसरांना कॉलेजात कुणी प्रेमाने टपालसर म्हणत नसे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माणूस गणिताचा प्राध्यापक. शिकवायचे चांगलं, फळ्यावरचं अक्षर छापल्यासारखं. पण त्यांची ओळख गणितामुळे नव्हती, ईमेलमुळे होती. बाकीच्या कॉलेजांना ईमेल कशाशी खातात हे धड माहीत नव्हतं त्या काळात या गृहस्थांनी भंगारात काढलेला एक कॉम्प्युटर उचलून आणला, अख्खी सुट्टी त्याच्याशी झटापट करण्यात घालवली आणि कॉलेजचं स्वतःचं टपाल चालू करून दाखवलं. तेव्हापासून ते काम त्यांच्या गळ्यात पडलं, की त्यांनीच ते गळ्यात घालून घेतलं, यावर दुमत आहे. त्यांच्या बायकोला विचाराल तर दुसरं.

ग्रंथालयाच्या जिन्याखाली एक खोली होती. पूर्वी तिथे मोडकी बाकं टाकत. तिथेच यंत्रं ठेवली होती. भिंतीत एक एसी, रात्रंदिवस कण्हणारा, आणि समोर एक लोखंडी स्टूल. नवा माणूस कॉलेजात लागला की त्याला ईमेलचा पत्ता हवा असे, आणि पत्ता हवा तर या स्टुलावर येऊन बसावं लागे. अर्ज चालत नसे, फोन चालत नसे, प्राचार्यांची चिठ्ठी तर मुळीच चालत नसे. सर आधी चष्म्यावरून बघणार आणि मग सुरू होणार. विषयाची ओळ रिकामी सोडायची नाही. एकाला सांगायचं ते पन्नासांना पाठवायचं नाही. नातवाचे फोटो कॉलेजच्या टपालातून फिरवायचे नाहीत. आलेलं माणूस डॉक्टरेट घेऊन आलेलं असलं तरी स्टुलावर बसून मान हलवायचं. बाहेर पडल्यावर काय बोलायचं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शिवाय त्यांचे ते निरोप. पत्र पोहोचलं नाही तर यंत्र आपोआप एक निरोप परत पाठवतं. यंत्राचा मूळ निरोप लांबलचक आणि किचकट असतो, कुणी वाचत नाही. सरांनी ते सगळे काढून टाकले आणि आपल्या हाताने नवे लिहिले. जड फाइल जोडलेली असेल तर, ‘पत्र फार जाड आहे. बारीक करून पाठवावे.’ आणि बाकी कुठल्याही कारणाने पत्र परत गेलं तर, ‘आपले पत्र पोहोचले नाही. चूक आमची नाही. नीट बघून पुन्हा पाठवावे.’ स्टाफरूममध्ये हे वाक्य इतकं मुरलं होतं की कुणाच्या डब्याचं झाकण निघालं नाही तरी शेजारचा म्हणायचा, चूक आमची नाही, नीट बघून पुन्हा उघडावे. सरांच्या कानावर हे जाई. त्यांना त्यात चेष्टा आहे असं कधी वाटलंच नाही. त्यांना वाटे, लोकांना नियम पाठ झाले.

आता एवढं सगळं ऐकल्यावर माणूस नकोसा वाटणारच. वाटू द्या. पण एक गोष्ट त्यांच्या खात्यावर लिहायलाच हवी. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाचंही पत्र उघडून वाचलं नाही. वाचता आलं असतं. सगळ्या कॉलेजची भांडणं, प्रेमप्रकरणं, पगाराची रडगाणी, एकमेकांविरुद्धच्या चहाड्या त्या जिन्याखालच्या खोलीतून जात होत्या आणि किल्ली एकट्या सरांकडे होती.

रसायनशास्त्राच्या मॅडमनी एकदा प्रयोगशाळेतल्या खरेदीबद्दल वरच्या कार्यालयात तक्रार केली. सगळ्यांना माहीत होतं की काचसामान कागदावर येतं आणि कपाटात येत नाही. पण बोलल्या त्या एकट्या. तेव्हाच्या प्राचार्यांचं पित्त खवळलं. त्यांनी टपालसरांना केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं.

“बाई कुणाकुणाला काय काय लिहितात ते मला बघायचंय. काढून द्या.”

“नाही.”

“मी प्राचार्य म्हणून सांगतोय.”

“मी ऐकलं, सर. किल्ली माझ्याकडे आहे, पण कपाट माझं नाही. तुमचंही नाही.”

त्या वर्षी सरांची पदोन्नती राहिली, ती राहिलीच. पुढे ते प्राचार्य निवृत्त झाले, मग वारलेही. सरांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. मॅडमनाही नाही. सांगायची काय, असं त्यांचं म्हणणं. टपाल सांभाळणाऱ्याने टपाल वाचलं नाही यात सांगण्यासारखं आहे काय? यात तत्त्व होतं, आणि खरं सांगायचं तर थोडा माजही होता. आभार मानून घ्यायचे तर समोरच्याच्या पातळीवर उतरावं लागतं, आणि ते त्यांना जमत नसे.

मग कॉलेजला नवे प्राचार्य आले, आणि ते निघाले सरांचे सख्खे मेहुणे. बायकोचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली म्हणून तिनेच त्याला लहानाचं मोठं केलेलं. स्वभावाने गोड, सगळ्यांशी जमवून घेणारा, कुणालाही नाही म्हणणं न जमणारा. चारचौघांत टपालसर त्याला ‘सर’ म्हणत आणि घरी ‘अरे’. दर आठवड्याला एकदा तो बहिणीकडे जेवायला येई आणि ताटावर बसून कॉलेजची गाऱ्हाणी गाई. सरांचा त्याच्यावर जीव होता. वर्गातल्या हुशार पण भित्र्या मुलावर असतो तसा.

त्याच सुमारास वरून एक परिपत्रक आलं. कॉलेजांनी आपलं टपाल आपापल्या यंत्रांवर न ठेवता एका मोठ्या कंपनीच्या क्लाउड सेवेवर न्यावं. म्हणजे जिन्याखालच्या खोलीतलं सगळं उचलून त्या कंपनीच्या कुठल्यातरी दूरच्या यंत्रांवर ठेवायचं. आत काय चालतं ते कंपनी जाणे. आपण तिथले भाडेकरू, आणि तूर्तास भाडं माफ. परिपत्रकाच्या शेवटी जाड अक्षरात लिहिलं होतं, ‘ही योजना पूर्णतः ऐच्छिक आहे.’

ऐच्छिक हा शब्द दिसला की शहाण्या माणसाने खुर्ची घट्ट धरावी. आधी ऐच्छिक होतं. मग कॉलेजच्या तपासणीच्या अर्जात एक नवा रकाना आला, की आपलं टपाल मान्यताप्राप्त सेवेवर आहे काय, आणि ‘नाही’ म्हटलं तर गुण शून्य. मग वरून फोन येऊ लागले, फार आपुलकीचे. शेजारची सगळी कॉलेजं गेली हो, तुमचंच काय अडलंय? मग कॉलेजने मागितलेल्या नव्या अभ्यासक्रमाची परवानगी कुठल्याशा टेबलावर जाऊन झोपली. कुणी काही लेखी दिलं नाही, कुणी धमकी दिली नाही. सगळं ऐच्छिकच चाललं होतं.

शेवटी एक प्रतिज्ञापत्र आलं. कॉलेजची टपालव्यवस्था ‘अपुरी व असुरक्षित’ असल्यामुळे कॉलेज ‘स्वेच्छेने’ नव्या सेवेवर जात आहे. खाली सही, व्यवस्था सांभाळणाऱ्या जबाबदार व्यक्तीची.

मेहुण्याने केबिनचं दार लावलं आणि कागद पुढे सरकवला.

“भाऊजी, एक सही.”

सरांनी वाचलं. पुन्हा वाचलं. “अपुरी? कधी बंद पडलीय रे ती?”

“शब्द आहे हो नुसता.”

“मग ‘पुरेशी’ लिही. तोही शब्दच आहे.”

“भाऊजी, मला काय हौस आलीय का? परवानगी अडकवून ठेवलीय त्यांनी. तीन जणांच्या नोकऱ्या त्या अभ्यासक्रमावर आहेत. सगळे माझ्या नावाने खडे फोडणार.”

“सही नाही तर परवानगी नाही, असं लिहून दिलंय त्यांनी?”

“असलं कुणी लिहून देतं का!”

“पण आपण मात्र लिहून द्यायचं.”

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. एरवी ते इतकं बोलत नसत.

“हे बघ, मला त्या खोलीचं प्रेम आहे म्हणून मी अडून बसलोय असं तुला वाटतंय. असेलही. पण आज या कॉलेजात कुणाचं टपाल बघायचं झालं तर माझ्याकडे यावं लागतं, आणि मी नाही म्हणतो. तिकडे गेल्यावर कुणाकडे जाशील?”

“मी कशाला बघू कुणाचं टपाल? काय बोलता, भाऊजी!”

“तू नाही बघणार. पण तू काय जन्मभर या खुर्चीत बसणार आहेस?”

सही झाली नाही. मेहुणा त्या आठवड्यात जेवायला आला नाही. बायकोने दोन वेळा विचारलं, दोन्ही वेळा सर म्हणाले, त्याला काम असेल. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही, पण भांडी जरा जोरात ठेवली.

इथवर सरांची बाजू अगदी भक्कम होती. म्हणायला सोपं वाक्य होतं, माझं यंत्र कधी बंद पडलेलं नाही, आणि ते खरं होतं. फक्त ते का बंद पडत नाही हे सरांखेरीज कुणाला माहीत नव्हतं. यंत्राची जागा रोज भरत जाई. सर रोज सकाळी पहिल्या तासाआधी खोली उघडून बसत, किती भरलंय ते बघत आणि जुन्या जाड फाइली हाताने दुसरीकडे हलवत. हे काम यंत्राला नेमून देता आलं असतं. त्यांच्यासारख्याला तासाभराचं काम. पण दिलं नाही. सकाळी तिथे जाऊन हात लावल्याशिवाय त्यांना करमत नसे, जसं कुणाला झाडांना पाणी घातल्याशिवाय करमत नाही. कॉम्प्युटर विभागाच्या बाईंनी एकदा आपण होऊन विचारलं होतं, सर, मला दाखवून ठेवा ना, तुम्ही नसताना बघेन. सर म्हणाले, बघू. त्यांच्या तोंडी ‘बघू’ म्हणजे काय ते बाईंना कळलं. त्या पुन्हा आल्या नाहीत.

आणि नेमकं त्यांच्या पित्ताशयातल्या खड्यांनी उचल खाल्ली. डॉक्टर म्हणाले, आजच्या आज भरती व्हा. बायको पिशवी भरता भरता म्हणाली,

“अहो, ती किल्ली द्या की कुणाकडे तरी.”

“दोन दिवसांत काय आकाश कोसळतंय?”

आकाश कोसळलं नाही, पण परीक्षा विभागाने त्याच दिवशी तपासलेल्या उत्तरपत्रिकांची छायाचित्रं काढून प्रत्येक विद्यार्थ्याला पाठवायला घेतली. भलीमोठी फाइल, प्रत्येकाला वेगळी. सर जागेवर असते तर त्यांनी विभागप्रमुखांना स्टुलावर बसवलं असतं. ते ऑपरेशन टेबलावर झोपले होते. दुपारपर्यंत यंत्र तुडुंब भरलं आणि टपाल थांबलं. बाहेरून येणारं प्रत्येक पत्र, जिथून आलं तिथे, सरांचा तो ठरलेला निरोप घेऊन परत जाऊ लागलं.

त्या पत्रांमध्ये एक पत्र तपासणी समितीच्या अध्यक्षांचं होतं. आपल्या भेटीचा कार्यक्रम त्यांनी कॉलेजला कळवला होता. मोठे गृहस्थ, शब्द झेलले जायची सवय असलेले. त्यांना उत्तर मिळालं, ‘आपले पत्र पोहोचले नाही. चूक आमची नाही. नीट बघून पुन्हा पाठवावे.’ त्यांनी नीट बघितलं, पुन्हा पाठवलं. पुन्हा तेच. मग त्यांनी फोन उचलला आणि प्राचार्यांना इतकं सुनावलं की केबिनबाहेरच्या शिपायाने आपण होऊन पाण्याचा ग्लास आत नेला.

मेहुणा हॉस्पिटलमध्ये धावत आला तेव्हा सरांना नुकती शुद्ध येत होती. किल्ली त्यांच्या पँटच्या खिशात होती, पँट कपाटात होती आणि पासवर्ड त्यांच्या डोक्यात होता. डोकं अजून गुंगीत. बायकोने किल्ली काढून भावाच्या हातावर ठेवली. तो ती हातात घेऊन नुसता उभा राहिला.

“काय झालं?” सरांनी विचारलं.

त्याने सांगितलं. अध्यक्षांना कोणता निरोप गेला हेही सांगितलं, शब्द न् शब्द. सरांनी डोळे मिटून घेतले. ते हसतील किंवा चिडतील असं बायकोला वाटलं. त्यांनी दोन्हींपैकी काहीच केलं नाही.

“चूक आमची होती,” ते म्हणाले. मेहुण्याने ते ऐकलं की नाही कोण जाणे. तो खिडकीकडे तोंड करून उभा होता.

पुढच्या पंधरवड्यात स्टाफची सभा झाली. टाके अजून ओढत होते म्हणून सर मागच्या रांगेत कडेला बसले. कंपनीकडून एक बाई आल्या होत्या. बोलणं इतकं मऊ की विरोध करायचा तर आपलीच लाज वाटावी. पत्ता हवा तर फोनवरून दोन मिनिटांत. फाइल कितीही जाड असू दे. कुणाला विचारायला जायला नको, आणि त्या हसून म्हणाल्या, कुणाच्या स्टुलावर बसायलाही नको. त्यांना हे कुणी सांगितलं होतं देव जाणे. अख्खी खोली फिदीफिदी हसली. इतक्या वर्षांचं त्या स्टुलावर बसणं त्या हसण्यात निघालं.

कुणाला काही विचारायचंय का, असं प्राचार्यांनी विचारलं. रसायनशास्त्राच्या मॅडम उभ्या राहिल्या. सरांनी मान वर केली. खरं सांगायचं तर त्यांना आशा वाटली. या बाई कुणाच्या बापाला भीत नाहीत. आपलं टपाल दुसऱ्याच्या घरात ठेवणं म्हणजे काय, हे यांच्याइतकं कुणाला कळणार?

“मला एकच सांगायचंय,” मॅडम म्हणाल्या. “आज आपलं सगळं टपाल एका माणसाच्या हातात आहे. किल्ली त्यांची, पासवर्ड त्यांचा. आत ते काय करतात हे आपण कधी बघितलंय? मी तक्रार केली त्यानंतर वर्षभर मी एक ओळ लिहिताना दहादा विचार करत होते. कोण वाचतं, कोण कुणाला दाखवतं, मला काय माहीत? निदान कंपनीला माझ्याशी काही देणंघेणं नाही. जाऊ दे तिकडे.”

कुणीतरी टाळी वाजवली. मेहुण्याने खाली बघितलं. सर उठून बोलू शकले असते. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य त्यांनी इतकी वर्षं तोंडातून काढलं नव्हतं. आता या घटकेला काढलं असतं तर ते सबबीसारखं वाटलं असतं, आणि ज्याचं नाव घ्यायचं तो माणूस आता नाही म्हणायलाही उरला नव्हता. शिवाय त्यांना राग आला होता. भयंकर राग. हिच्यासाठी मी पदोन्नती घालवली आणि ही! हा विचार मनात आला तशी त्यांना स्वतःचीच शरम वाटली, कारण तसं काही कुणासाठी केलेलं नाही असंच ते इतके दिवस स्वतःला सांगत आले होते. ते मूग गिळून बसले. हात वर झाले. मोजावे लागले नाहीत.

संध्याकाळी प्रतिज्ञापत्र पुन्हा पुढे आलं. सरांचं एक होतं, खोटं लिहायचं नाही. ‘अपुरी’ आता खोटं राहिलं नव्हतं. त्यांनी फक्त ‘स्वेच्छेने’ या शब्दावर आडवी रेघ मारली आणि सही केली.

“भाऊजी, खाडाखोड चालत नाही हो,” मेहुणा काकुळतीला येऊन म्हणाला आणि त्याने तोच कागद नवा छापून आणला. सरांनी त्याच्याकडे बघितलं. शर्टाची कॉलर घामाने भिजलेली, डोळ्यांखाली काळं. लहानपणी हा परीक्षेला जाताना असाच दिसायचा, बायको सांगायची. त्यांनी सही केली, स्वेच्छेने.

सगळ्यांचं टपाल नव्या घरी हलवायचं कामही त्यांनीच केलं. दुसऱ्या कुणाला करू दिलं असतं तर निम्मी पत्रं वाटेत सांडली असती. ती सांडू नयेत म्हणून हा माणूस दिवसचे दिवस त्या कण्हणाऱ्या एसीखाली बसला, ज्यांनी हात वर केले त्यांचं एकेकाचं टपाल नीट बांधून पाठवत. एकही पत्र हरवलं नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षातही आलं नाही. काम संपल्यावर यंत्रं बंद केली, खोलीची किल्ली कार्यालयात जमा केली. खोलीत पुन्हा बाकं आली.

सरांचा एक जुना दोस्त होता, दुसऱ्या गावच्या कॉलेजात, असाच आपल्या कॉलेजचं टपाल सांभाळणारा. त्याच्याकडेही तेच प्रतिज्ञापत्र आलं होतं. काय करू, असं त्याने विचारलं. सरांनी त्याला भरभरून लिहिलं. सही करू नकोस. आणि माझ्यासारखी किल्ली एकट्याच्या खिशात ठेवू नकोस, दोघातिघांना शिकवून ठेव, नाहीतर तुझ्या बाजूने उभं राहायला कुणी नसेल. मेहुण्याबद्दलही लिहिलं. तो वाईट नाही, लिहिलं, पण खुंटी आहे. येईल तो आपला कोट टांगून जातो. हे सगळं लिहिलं कॉलेजच्याच ईमेलवरून. एवढा सावध माणूस, पण हात सवयीने तिथेच गेला. कंपनीने वाचलं तर वाचो, तिला कोट आणि खुंटी काय कळणार, असं त्यांना वाटलं. घरच्या माणसाचा विचार मनाला शिवलादेखील नाही.

मेहुणा पुन्हा दर आठवड्याला जेवायला येऊ लागला होता. बायको खुशीत होती. परवानगी मिळाली होती, तपासणी पार पडली होती. वाढता वाढता ती म्हणाली,

“आता तरी पोटभर जेव. सुटलास बाबा एकदाचा.”

“मी कसला सुटतोय, ताई,” तो म्हणाला. हसत म्हणाला, पण ते हसणं काही खरं नव्हतं. “मी खुंटी. येईल त्याचा कोट टांगून घ्यायचा.”

“हे बरं शोधून काढलंस!” बायको हसली आणि पाणी आणायला आत गेली.

सरांचा घास हातात राहिला. मेहुण्याच्याही लक्षात आलं. तो आपले शब्द परत घेऊ बघत असल्यासारखा बसला. दोघांनी ताट संपवलं. बायको काहीबाही बोलत राहिली.

तो निघाला तेव्हा सर त्याला सोडायला जिन्यापर्यंत गेले.

“कधी वाचलंस?”

“भाऊजी...”

“कधी?”

“वरून फोन आला होता. बाहेरच्या कॉलेजांना कोण फूस लावतंय ते बघा म्हणाले. त्यांना वाटलं... मी म्हटलं, बघतो.” त्याने कठड्यावर हात ठेवला. “बटण आहे हो नुसतं. नाव टाकलं की उघडतं. मला वाटलं होतं कुणीतरी परवानगी मागेल, काहीतरी विचारेल. कुणाला विचारावंही लागलं नाही.” हे म्हणताना त्याच्या आवाजात खरोखरीचं आश्चर्य होतं.

“माझंच उघडलंस?”

तो म्हणाला, “रसायनशास्त्राच्या मॅडमचंही. त्या पुन्हा अर्ज करतायत खरेदीबद्दल. वर गेला तर माझी काही धडगत नाही. ताईला नका सांगू.”

सरांनी ताईला सांगितलं नाही. सांगून काय सांगणार? तिने हाताने भरवलेल्या मुलाने आपले खिसे तपासले, हे? त्यांना झोपेत कुणी अंगावरचे कपडे चाचपून गेल्यासारखं वाटत होतं. रागापेक्षा किळस जास्त, आणि किळसेपेक्षाही त्या पोराची कीव. पण त्यांनी यावेळी एक ठरवलं. मॅडमना सांगायचं. तत्त्व, मान, पातळी, सगळं गेलं खड्ड्यात. एवढं एक सांगायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेले. इतक्या वर्षांत ते तिथे पहिल्यांदाच येत होते. लोक त्यांच्याकडे येत, ते कुणाकडे जात नसत. मॅडम एकट्याच होत्या, पुढच्या तासासाठी टेबलावर काचनळ्या मांडत. सरांना बसायला कुठे दिसेना. ते उभेच राहिले.

“मॅडम, एक सांगायचं होतं. कॉलेजच्या मेलवर काही लिहू नका. तुमच्या त्या अर्जाचं तर अजिबात नको. लिहायचंच तर कागदावर लिहा.”

मॅडमचा हात थांबला. “अर्जाचं तुम्हाला कसं कळलं?”

सरांनी तोंड उघडलं. आणि नेमकं बायकोच्या भावाचं नाव जिभेवर अडलं. “कळलं,” ते म्हणाले.

“म्हणजे तुम्ही अजूनही वाचता.”

“नाही! मी कधीच... मॅडम, मी कधीही कुणाचं वाचलेलं नाही. तुमच्या पहिल्या तक्रारीच्या वेळी जुन्या प्राचार्यांनी तुमचं सगळं टपाल मागितलं होतं माझ्याकडे. दार लावून. मी दिलं नाही. तेव्हाही दिलं नव्हतं.”

अखेर निघालं ते वाक्य. मॅडमनी विश्वास ठेवला, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. आणि विश्वास ठेवल्यावरच त्यांचा आवाज चढला.

“म्हणजे मागितलं होतं. ते माझ्या मागावर होते हे तुम्हाला माहीत होतं. मी वर्षभर घाबरून जगत होते, सर. समोरून जाताना तुमच्याकडे बघायची भीती वाटायची मला. आणि तुम्ही मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?”

सर मागे सरकत दारापर्यंत आले. घंटा झाली. मुलं आत येऊ लागली, तसे ते दारातून बाजूला झाले.